मडक्यातला राखण्या

खोरीपाड्यात कुणाला निळं आलं की आधी थाळी वाजते आणि मग दुर्बिणीच्या गाडीला फोन जातो. हा क्रम उलटा करावा म्हणून आरोग्य खात्याने दोन परिपत्रकं काढली. पाड्याने दोन्ही वाचून घेतली, माना डोलावल्या आणि थाळी आधीच वाजवली.

दोन हजार त्रेचाळीस सालच्या होळीला आठ दिवस होते, तेव्हा थाळी वाजली ती शिडवा म्हसेच्या अंगणात. पंचाहत्तरीचा शिडवा आजा काचेची बाटली उन्हात उंच धरून उभा होता. बाटलीत त्याचीच लघवी होती आणि ती निळी होती. फिकट वगैरे नाही. पांढऱ्या सदऱ्याला घालायच्या निळीसारखी, कुणाच्या बापाला न भिणारी निळी.

"पाहा रे, मना बी आलं!" आजा ओरडत होता. "म्हणत होता ना, आजाच्या पोटात नुसता वारा हाय?"

"आजा, बाटली खाली धर. होळीआधीच आमच्यावर रंग उडवशील," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

आजाची म्हातारी, चैती, दारातून म्हणाली, "पन्नास वर्सांत यानं घरात काय आणलं नाय. आज आणलं, तं हे."

हसण्याचा असा काही गलका झाला की कोंबड्या कुडावर चढल्या. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, म्हाताऱ्याला नातू झाला. खरं तर म्हाताऱ्याच्या मोठ्या आतड्यात एक कोंब सापडला होता. आणि तो कोंब अजून कोंबच होता, झाड झालेला नव्हता, एवढ्याचाच तो आनंद होता.

गर्दीच्या कडेला जमनी दुमाडा उभी होती. एकोणीस वर्षं ती या पाड्याची आरोग्यसेविका. काखेत निळ्या पुठ्ठ्याची वही. कुणाला किती मुलं, कुणाचा दम कधी लागतो, कोण गोळ्या गिळतो आणि कोण कोंबड्यांना घालतो, हे सगळं तिच्या वहीत होतं, आणि वहीत न मावणारं तिच्या डोक्यात. आजाच्या आधी पाड्यात बारा जणांना निळं आलं होतं. बाराही वेळा पहिली थाळी तिनेच बडवली होती. आज तिचा हात उठला नाही.

कारण चाळिशीपुढची एकशे सतरा माणसं तिच्या वहीत होती. त्यांतल्या शहाऐंशी जणांनी राखण्याला अंगठा दिला होता. एकतीस जणांनी नको म्हटलं होतं. आणि शिडवा म्हसे एकतिसांतला होता.

ज्याने राखण्या पोटात घेतलाच नाही, त्याला निळं आलं कुठून?

हे अख्ख्या महाराष्ट्रात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ती बाई आत्ता वही छातीशी धरून, घामाघूम होऊन उभी होती.

*

राखण्या म्हणजे काय, हे तीन वर्षांपूर्वी डॉ. विद्याधर मोने यांनी शाळेच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. डॉक्टर पुण्याच्या एका प्रयोगशाळेतले. उंच, सडपातळ, स्वच्छतेचे भोक्ते. पाण्याची बाटली स्वतःची, पेला स्वतःचा, आणि बसण्याआधी रुमाल पसरायची सवय. पण माणूस समजावून सांगण्यात वाकबगार.

"मोठ्या आतड्याचा कर्करोग एका दिवसात होत नाही," ते म्हणाले होते. "आधी आतल्या कातडीला बारीक कोंब फुटतो. त्याचं झाड व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. तेवढ्या वेळात तो कोंब दुर्बिणीतून खुडून टाकला की विषय संपला. अडचण एकच. कोंब दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा झाड झालेलं असतं."

हा कोंब शोधायचा कसा? त्याआधी डबीचा काळ होऊन गेला होता. सरकारने घरोघर झाकणाच्या डब्या वाटल्या: शौचाचा नमुना घाला आणि जमनीकडे द्या. जमनीच्या हाती एकशे सतरांपैकी चार डब्या परत आल्या, त्याही रिकाम्या, धुऊन. बाकीच्यांत कुणी चुना ठेवला, कुणी बियाणं. आपल्या अंगातून गेलेलं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हे पाड्यातल्या माणसाला आई दूध पाजतानाच शिकवते. त्या गोष्टीवरून कोण काय करणी करील, सांगता येत नाही. शिवाय जमनी अर्ध्या पाड्याची सून आणि उरलेल्याची मावशी. सासऱ्याने सुनेच्या हातात ती डबी द्यायची? अहवालात "आदिवासी समाजात जागृतीचा अभाव" असं लिहून डबी परत गेली. जमनीने तेव्हा विचारलं होतं, "साहेब, तुम्ही तुमच्या सुनेकडे देता का?" त्याचं उत्तर अहवालात नव्हतं.

मोन्यांनी युक्ती उलटी केली. पोटातलं बाहेर काढून तपासण्याऐवजी तपासणाराच पोटात पाठवायचा. पावाच्या पिठाला फुगवणारं, ताडीला फेस आणणारं जे बारीक किण्व, म्हणजे यीस्ट, असतं, त्याला त्यांनी प्रयोगशाळेत एक नवं काम शिकवलं. कोंबातून एक विशिष्ट प्रथिन झिरपतं. या किण्वाला त्या प्रथिनाचा वास आला की ते निळा रंग तयार करतं, तो रंग रक्तात उतरतो आणि लघवीतून बाहेर पडतो. कोंब नसेल तर किण्व गुपचूप बसतं.

"म्हणजे शेताच्या माळ्यावर बसणारा राखण्या," जमनी म्हणाली होती. "डुक्कर आलं तरच ओरडणार."

"अगदी!" डॉक्टर खूश झाले. पुढे त्यांच्या इंग्रजी शोधनिबंधातसुद्धा त्याचं नाव राखण्या असंच छापून आलं.

"आणि मंग हा राखण्या पोटातच घर करून राहील का?"

"नाही. त्याला जगायला एक खास अन्न लागतं, ते मी फक्त पुडीत घातलंय. पंधरा दिवसांत अन्न संपतं, राखण्या मरतो. पुन्हा तीन वर्षांनी नवी पुडी. कुणाच्याही शरीरात त्याच्या परवानगीशिवाय मला एक दिवससुद्धा राहायचं नाही." डॉक्टर हे फार गंभीरपणे म्हणाले होते. प्रत्येकाला ते स्वतः विचारत, समजावत, मग अंगठा घेत. नाही म्हणणाऱ्याला नमस्कार करत. "निळं म्हणजे वेळेत," हे पाड्याचं ब्रीदवाक्यही त्यांचंच.

जमनीने शेवटी विचारलं, "डाक्टर, तुमचा अंगठा कठं?"

"मी प्रयोग करणारा. प्रयोग करणाऱ्याने प्रयोगात नसावं."

जमनीने मान डोलावली. पण बोलता बोलता डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं की त्यांचे वडील याच रोगाने चोपन्नाव्या वर्षी गेले. आणि सरकारी ओळखपत्रावरून डॉक्टर तेव्हा पन्नास, आणि आज त्रेपन्न वर्षांचे होते. जमनीला बेरीज-वजाबाकी येत होती. माणसं नाही म्हणताना कोणती कारणं देतात, याची यादी तिच्याकडे एकतीस जणांची होती. तिने मनातल्या मनात बत्तिसावं लिहून ठेवलं.

*

एकतिसांतलं पहिलं नाव तिच्या नवऱ्याचं होतं.

लखमा दुमाडा हा पंचक्रोशीतला पहिल्या नंबरचा ताडी काढणारा. सात ताड त्याचे. रोज संध्याकाळी कमरेला सुरा, खांद्यावर मडकं. सरसर वर जायचं, पोयीला, म्हणजे ताडाच्या फुलोऱ्याला, काप द्यायचा, मडकं बांधायचं, सकाळी उतरवायचं. त्याच्या ताडीला एक गोडसर तिखटपणा होता, तो दुसऱ्या कुणाला साधत नसे. गुपित एकच: लखमाचं मडकं कधी धुतलं जात नसे. तळाचा पांढरा गाळ त्याच्या आजाच्या वेळेपासून चालत आला होता. गाळ जिता असतो, तोच रसाला उठवतो, असं लखमा म्हणे. आणि किण्वशास्त्रही नेमकं तेच म्हणतं.

लखमाचा मोठा भाऊ रडका. आधीची दोन मुलं गेली म्हणून दृष्ट लागू नये यासाठी ठेवलेलं नाव. माणूस मात्र जन्मभर खिदळणारा. एक्कावन्नाव्या वर्षी त्याला शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आतड्यात झाड झालंय. त्यानंतर तो चौदा महिने जगला, पण हसला नाही. ओसरीवर बसून बोटांवर दिवस मोजायचा.

"त्याला रोगानं नाय मारलं," लखमा म्हणे. "त्याला ठावं होण्यानं मारलं. मना नाय ठावं करून घ्यायचं."

"अरे, आता कोंब काढता येतो!"

"काढता येवो. मना पाहायचं नाय." त्यासाठीच तो घरातल्या संडासात जात नसे. जमनीने ते चकाचक पांढरं भांडं आरशासारखं ठेवलं होतं; त्यात खाली पाहावंच लागतं, अशी त्याची तक्रार. तो जायचा ताडाखालच्या चुनखडीच्या दगडापाशी.

गेल्या दिवाळीत लखमाला एक्कावन्न पूर्ण झाली. राखण्याची दुसरी फेरी आली. लखमा पुन्हा नाही म्हणाला. आणि जमनीने, जिने एकोणीस वर्षांत वहीत एक खोटी रेघ ओढली नव्हती, एक जास्तीची पुडी कनवटीला लावली आणि लखमाच्या मडक्यातल्या गाळात रिकामी केली.

पंधरा दिवस ती पहाट उजाडली की करवंदीच्या जाळीआड बसे. नवरा दगडापाशी जाई, परत येई. मग ही जाऊन दगड पाही. पंधरा दिवस दगड पांढरा तो पांढराच. सोळाव्या दिवशी तिने गावदेवीला नारळ फोडला आणि विषय संपला असं ठरवलं.

विषय संपला नव्हता. शिडवा आजा लखमाच्या ताडीचा अकरा वर्षांचा गिऱ्हाईक होता, आणि त्याच्या पोटातला कोंब आत्ता कुठे झिरपू लागला होता.

*

तिसऱ्या दिवशी मोने डॉक्टर आले. आठवडाभर ते तालुक्याच्या विश्रामगृहात मुक्कामालाच होते, जिल्ह्याची बैठक होती. गाडीतून उतरले तेव्हा मिशीला पांढरा थेंब.

"तुमच्या सोनीच्या सासूची नीरा!" ते जमनीला म्हणाले. सोनी ही जमनीची मुलगी; तिच्या सासूचा महामार्गावर नीरेचा ठेला होता. "पहाटेची, ताजी, नशा नाही. या आठवड्यात रोज सकाळी दोन पेले घेतोय. ताडीला मात्र मी शिवत नाही हं."

मग ते कामाला लागले. त्यांच्याकडे कोंबाच्या प्रथिनाची एक बाटली होती. कुठल्याही नमुन्यात तिचा थेंब टाकायचा. त्यात राखण्या जिता असेल तर घटकाभरात निळं होणार. शिडवा आजाच्या घरचं पाणी तपासलं, आंबील तपासली, सुकट तपासली. चैती म्हातारीने तंबाखूची चंची पुढे केली, "हे बी पाहा, दिवसभर यातच तोंड घालून असतो." सगळं कोरं. डॉक्टर घामाने निथळत होते. जमनी त्यांच्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होती आणि कोरे नमुने मोजत होती, कारण पुढचं घर तिचं होतं.

लखमा अंगणात सुरा पाजळत बसला होता. मडकं शेजारी.

"यातला थोडा गाळ देता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"घ्या की. गाळाला नाय म्हणायचं नसतं."

थेंब पडला. डॉक्टर, लखमा आणि जमनी, तिघं परीक्षानळीकडे पाहत राहिले. आधी तळाला एक निळी रेघ उमटली, मग धुरासारखी वर चढली, मग सगळी नळी निळी.

"अशक्य," डॉक्टर म्हणाले. मग ते ओटीवर रुमाल न पसरताच बसले. "अशक्य नाही. मी गाढव आहे. त्याचं ते खास अन्न... तुमच्या या गाळात शंभर जातींची जुनी किण्वं आहेत. त्यांतलं कुणीतरी ते अन्न आपसूक बनवतंय आणि राखण्याला भरवतंय. मी त्याला उपाशी मारायची व्यवस्था केली आणि तुम्ही त्याला घरजावई करून घेतलात!"

"आमच्यात पाव्हण्याला उपाशी ठेवत नाय," लखमा म्हणाला.

"पण तो इथे आला कसा? पुडी यात टाकली कुणी?"

जमनीने वही ओटीवर ठेवली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ती तिच्या हातून सुटली.

"मी टाकली," ती म्हणाली. डॉक्टरांकडे नाही, नवऱ्याकडे पाहत. "तू नाय म्हटलं होतंस. तरी टाकली. रडक्या भाऊजींचं वय लागलं तुला. मना झोप येत नव्हती."

लखमाने सुऱ्याची धार अंगठ्यावर पाहिली.

"ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"पंधरा दिस सकाळी करवंदीच्या जाळीत कोण बसायचं? म्हस नव्हती. म्हस खोकत नाय."

"मंग... मंग पीत का ऱ्हायलास?"

"तू पाहत होतीस ना! मना पाहायचं नव्हतं, तू पाह्यलंस. मी वर शेंड्याकडं पाहून मुतायचा, तू खाली दगडाकडं पाहायची. सोळाव्या दिशी तू नारळ फोडलास, तवा समजलं, काय नाय." त्याने सुरा म्यानात घातला. "राखण नको, असं मी कधी म्हटलं? मी म्हटलं, मना सांगू नको. तू नाय सांगतलंस. बेस केलंस."

जमनीने पदर तोंडाला लावला. ती रडतेय की हसतेय, हे तिलाही कळत नव्हतं, बहुधा दोन्ही एकाच वेळी, कारण मधूनच ती म्हणाली, "खोकला मी दाबला होता रे!"

"दाबला होतास. म्हणूनच म्हस नाय, हे समजलं."

*

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "तुमचं नवरा-बायकोचं मिटलं," ते म्हणाले, "माझं नाही. शिडवा आजांना कुणी विचारलं होतं? ते नाही म्हणाले होते. त्यांच्या शरीरात मी त्यांच्या इच्छेविरुद्ध शिरलो."

"आजा तं नाचतोय."

"आज नाचतोय, कारण कोंब आहे. उद्या एखाद्याच्या पोटात झाड निघालं तर? तोही तुमच्या भावासारखा बोटं मोजत बसेल. तो त्याचा हक्क होता, लखमाभाऊ. न कळण्याचा."

"डाक्टर बरोबर बोलतो," लखमा म्हणाला. जमनीने चमकून पाहिलं. "मी बी तेच बोलतो. मंग काय करायचं?"

"सगळा गाळ उकळायचा. आजच्या आज. राखण्या बाहेर कुठे गेला नसेल तर अजून..." डॉक्टर थांबले. "बाहेर कुठे गेला नाही ना?"

आता लखमा जरा ओशाळला. आणि मग त्याने सांगितली ती रीत, जी डॉक्टरांच्या एकाही अर्जात, एकाही रकान्यात नव्हती. नवा ताडीवाला कोऱ्या मडक्याने कधी सुरुवात करत नाही. जुन्या जाणत्याच्या मडक्यातला ओंजळभर गाळ मागून नेतो. त्याला मडकं लावणं म्हणतात. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, वैरी असला तरी. नाही म्हटलं तर आपलाच ताड सुकतो. आणि यंदा, मडक्याला काय झालं होतं कोण जाणे, ताडी अशी काही उठली होती की सतरा पाड्यांनी लखमाचा गाळ नेला होता. त्या सतरांकडून आणखी कुणी कुणी नेला, ते तो ताड जाणे.

"सतरा," डॉक्टर म्हणाले.

"घोळपाड्याला तं मी स्वतः नेऊन दिला. सोनीच्या सासूनं ठेल्यावर नवीन मडकी लावली ना."

डॉक्टरांचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"पण... ती तर नीरा. ताजी. न आंबलेली."

"मडकं तं तेच," लखमा म्हणाला. "रस पडला की गाळाला लागतोच."

डॉक्टर उठले. "तुमच्याकडे संडास आहे ना?" त्यांनी विचारलं, अगदी सहज विचारावं तसं. जमनीने परसाकडे बोट दाखवलं.

त्यांच्या पाठीकडे पाहत लखमा हळूच म्हणाला, "त्याला सांग, वर पाहा म्हणून."

"त्या भांड्यात वर पाहून चालत नाय," जमनी म्हणाली.

*

डॉक्टर बराच वेळ बाहेर आले नाहीत. मधल्या काळात शिडवा आजाच्या दारात दुर्बिणीची गाडी आली. वीस मिनिटांत कोंब खुडून आजा परत खाटेवर बसला आणि पाड्याला जेवण केव्हा घालायचं म्हणून चैतीला विचारू लागला. निळं आलेल्याने पाड्याला जेवू घालायचं, हा नियम त्याने स्वतःच बारा वेळा इतरांकडून पाळून घेतला होता.

परसातलं दार उघडलं. डॉक्टरांचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता. जमनी काही विचारणार, इतक्यात तेच म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही हो."

तक्रार नव्हती ती. आश्चर्य होतं. शेकडो माणसांपुढे अर्ज धरून उभा राहिलेला माणूस पहिल्यांदाच अर्जाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पडला होता.

"तुमच्या वडलांचं वय मना ठावं होतं," जमनी म्हणाली. "पण खरं सांगते, तुम्हाला मी नाय पाजलं."

"माहीत आहे. मीच प्यायलो. रोज दोन पेले." ते ओटीवर टेकले. "तीन वर्षं पुडी माझ्या टेबलाच्या खणात होती. रोज खण उघडायचो, पेन काढायचो, बंद करायचो."

"डाक्टर, निळं म्हणजे काय?"

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला.

"तुम्हीच शिकवलंत. निळं म्हणजे?"

"वेळेत," डॉक्टर पुटपुटले. "बहुतेक वेळा."

हे 'बहुतेक वेळा' त्यांनी पाड्यात यापूर्वी कधी उच्चारलं नव्हतं. लखमाने ते ऐकलं, जमनीनेही ऐकलं, आणि दोघांनीही त्यावर बोट ठेवलं नाही.

गाडी अजून शिडवाच्या दारात उभी होती. दुर्बीण धुऊन होईस्तोवर अर्धा तास लागेल, असं चालकाने सांगितलं. खाली, टेकडीच्या पायथ्याशी, महामार्ग दिसत होता. उन्हात चकाकणाऱ्या गाड्या सुरतेकडे चालल्या होत्या, मुंबईकडे चालल्या होत्या. आणि घोळपाड्याच्या ठेल्यापाशी त्यांतली दर तिसरी गाडी थांबत होती. माणसं उतरत, हातपाय ताणत, दोन पेले घेत, मिशा पुसत, पुढे जात. डॉक्टर त्यांना मोजू लागले. नऊपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. आणखी चार दिवसांनी, कुठल्या कुठल्या शहरांत, कसल्या कसल्या पांढऱ्याशुभ्र फरशांच्या खोल्यांत, ही माणसं खाली पाहणार होती. त्यांना ना पुडी ठाऊक, ना राखण्या, ना 'निळं म्हणजे वेळेत'. त्यांच्या दारात गाडी उभी नसेल. गाळ आता उकळून उपयोग नव्हता; जिता गाळ रस्त्याला लागला होता.

"त्यांना कोण सांगणार?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही," जमनीने वही उचलली. "आधी तुमचा कोंब काढा, मंग जाऊन सांगा. रडत नाय, हसत सांगा. म्हणजे ऐकतील." तिने पान उलटलं, निळं आलेल्यांच्या यादीत चौदाव्या ओळीवर त्यांचं नाव लिहिलं आणि अंगठ्याच्या रकान्यापाशी थांबली. तो रकाना तिने तसाच कोरा ठेवला. एकोणीस वर्षांत असे कोरे रकाने तिच्या वहीत दोनच होते: आजाच्या तेराव्या ओळीचा आणि हा.

एवढ्यात अंगणाच्या तोंडाशी शिडवा आजा येऊन उभा राहिला. बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचली, हे विचारण्यात अर्थ नव्हता. पाड्यात कुडाला कान असतात आणि शिडवा तर कुडाशीच टेकून होता. मागे चैती, तिच्यामागे निम्मा पाडा. आजाच्या हातात थाळी होती, दुसऱ्या हातात लाकडी पळी. पळी त्याने उगारली, आणि मग डॉक्टरांचा चेहरा पाहून ती हवेतच धरून ठेवली.

"डाक्टर," आजा म्हणाला, "वाजवू का?"

सगळे थांबले. आजाला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांना कुणी विचारलं नव्हतं. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एकालाही कुणी विचारत नव्हतं. पण हे मात्र पाडा विचारत होता, आणि उत्तर येईपर्यंत, हात अवघडला तरी, पळी खाली येणार नव्हती.

डॉक्टरांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. एकदा वर, ताडाच्या शेंड्याकडे, लखमा पाहायचा तसं. मग मान खाली घातली आणि होकारार्थी हलवली.

थाळी वाजली, ती थेट महामार्गापर्यंत ऐकू गेली. ठेल्यावरची काही माणसं पेला हातात धरून वर बघू लागली, की कुणाचा सण आहे आज.